शेंदऱ्या, सोमलिंग आणि कोवळी ज्वारी

श्रावण वद्य अष्टमी, शके १८३५

आज एका गंभीर अन्यायाची नोंद करणं भाग आहे. शेजारी सोमलिंग याने आमच्या बांधावरची वाट बोराटीचे काटे टाकून बंद केली. विहिरीवर जायला मला आता वळसा. पहिल्याच वळशात धोतर फाटलं, तेही नवं. जाब विचारला तर म्हणाला, लई दिस पाणी न्हाई, कवळी ज्वारी सुकायलीय, जनावर शिरलं तर किराळ लागून मरंल, तुज्याच बैलासाठी टाकलेत.

म्हणजे काटे त्याचे आणि उपकार माझ्यावर.

किराळ मलाही ठाऊक आहे. सुकत्या कोवळ्या ज्वारीत विष भरतं म्हणतात. पण ज्वारी गुडघ्याला आली की विष उतरतं, असं माझं मत आहे. बायकोला सांगितलं. सत्यभामा म्हणाली, कुनी सांगितलं तुमाला? मत असायला कुणी सांगावं लागत नाही.

सोमलिंगशी बोलणं बंद. तशी तोंडी नोटीस दिली.

नवमी

गहिनीनाथ पाटलांचा मानाचा बैल लंगडा झाला. पाटलांनी पारावर जाहीर केलं, यंदा पोळ्याला ज्याचा बैल अंगानं भरलेला दिसंल, तो वेशीच्या तोरणाखालून पहिला जाईल. असा बैल गावात एकच, आमचा शेंदऱ्या. अस्सल लाल कंधारी. पाटलांनी बोलताना माझ्याकडं बघून मान हलवली. हा शब्दच समजायचा. मी समजलो.

निश्चय: दोन वेळा खरारा. शेंदऱ्याला पोटभर हिरवं. पोळ्यापर्यंत तंबाखू बंद.

संध्याकाळी: तंबाखू उद्यापासून.

दशमी

हिरवं कुठंच नाही. आमची पेरणी लांबली, ज्वारी बोटभर. दोष पावसाचा. सोमलिंगची मात्र गुडघ्याला.

त्याच्या बापानं बांध हातभर आमच्यात सरकवला होता, हे मला लहानपणापासून पटलेलं आहे. त्या हातभरातली ज्वारी न्यायानं माझी. हातभर कुठं संपतो हे बैलाला कळणार नाही, त्याला मी काय करणार.

एकादशी, सकाळ

सोमलिंग केजच्या बाजाराला गेला. काटे बाजूला सारले. शेंदऱ्या आपणहून आत शिरला, मी फक्त कासरा धरला होता. लई चवीनं खाल्लं. मला उपवास, त्याला मेजवानी.

एकादशी, दुपार

दगा. शेंदऱ्या गोठ्यात थरथरतोय. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. आता तर पडला.

सोमलिंगनं ज्वारीत काहीतरी टाकलं असणार. तहसिलीत अर्ज द्यायचा म्हणून मसुदा लिहायला बसलो. ‘माझा बैल माझ्याच गोठ्यात उभा असता’ इथपर्यंत उत्तम. पुढं त्याची ज्वारी बैलापर्यंत चालत कशी आली, ते जमेना.

सत्यभामेनं विचारलं, काय खाल्लं यानं? मी म्हणालो, गवत. तिनं जबडा फाकवून आत पाहिलं, दातांत ज्वारीचं पान. म्हणाली, रब्बीची पेरनी काय त्या अर्जाला जुंपून करायची? दुसरा बैल कुठून आनायचा, ते लिव्हा त्यात. आणि थेट सोमलिंगच्या घरी पळाली. जाऊन खरं सांगितलं. माझ्याच घरात फितुरी.

द्वादशी

काल सोमलिंगची म्हातारी आई, बसम्माकाकू, गुळाची अख्खी भेली घेऊन आली. पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजला. थांबली, पुन्हा पाजला. मला म्हणाली, मुंडकं नीट धर बाबा, येवढं तरी कर.

दिवेलागणीला शेंदऱ्या उठला आणि त्यानं तिचा हात चाटला. खरारा मी केला होता.

सोमलिंग बाजाराहून आला. भांडणाची माझी पूर्ण तयारी होती, बापाच्या बांधापासून सुरुवात करणार होतो. तो एवढंच म्हणाला, काटे तरी परत लावायचे व्हते बे, माजी गाय शिरली असती. आणि गेला. भांडायच्या जागी न भांडणं, हा दग्याचा सगळ्यात वाईट प्रकार.

अर्ज चुलीत.

अमावस्या, पोळा

शेंदऱ्याची शिंगं रंगवली, झूल चढवली. उभा राहतो, पण चारही पाय एकमेकांचं ऐकत नाहीत. पाटील बघून म्हणाले, आश्रुबा, ह्याला वेशीतून चालवायचा का खाटंवर घालून न्यायचा? सगळा पार हसला. पहिला मान सोमलिंगच्या बैलाला. पाटलांनी शब्द फिरवला. दिला नव्हता, तरी फिरवला.

घरी आलो. सत्यभामा पुरणाची डाळ शिजवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, बसम्माकाकूकडं आज पुरन न्हाई. त्यांचा पोळ्याचा गूळ आपल्या बैलाच्या पोटात गेला. मानाच्या बैलाला नुस्ती भाकर चारली त्यांनी.

आमची गुळाची भेली मात्र कोनाड्यातून काढून तिनं पाटावर ठेवली होती. पाट माझ्या वाटेत होता.

भेली उपरण्यात गुंडाळली. वेशीवर अजून हलगी वाजत होती, गल्लीत कुणी नव्हतं. सोमलिंगच्या उंबऱ्याच्या आत ठेवली आणि हाक न मारता परत आलो.

आमच्याकडं डाळ-भाकर. शेंदऱ्याला तीच चारली. खाल्ली त्यानं.