दुपारी मी घरी का नसते

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२६

चि. अमरेश यास,

अव्वाचे पोटभर आशीर्वाद. सूनबाईला, अंकितालाही सांग, आणि माझ्या नातवाच्या, गुरूच्या दोन्ही गालांचे माझ्या वतीनं पापे घे.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी ऐकून घेत नाही. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आता ओसरली. तिप्पण्णामामानं मैंदर्गीहून हुरडा पाठवला होता. तुझी आठवण काढत काढत मी एकटीनंच संपवला.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. परवाही तसंच झालं. अंकिता जूनपासून पुन्हा कामावर जाणार, गुरूला घरचं माणूस हवं, तेव्हा घर भाड्यानं दे आणि कायमची पुण्याला ये, हे एका दमात सांगून तू मोकळा झालास. मी "बघते" म्हणाले आणि तू तिकडे माझी खोली रंगवायला काढलीस! रंगाचं जरा थांबव.

गिरिजाबाईंची गंमत सांगायची राहिली. शेजारच्या गिरिजाबाईंच्या बँकेच्या ॲपचा पासवर्ड म्हणजे नुसतं देवाचं नाव, सिद्धेश्वर. मी म्हटलं, बदला, हा तर सोलापुरात कुणीही ओळखेल. तर म्हणाल्या, "देवाचं नाव काडून दुसरं काय घालू? देवाला घराबाहेर काडल्यासारकं हुतंय की. मला न्हाय जमायचं."

शेवटी त्यांनी फोनला विभूती लावली, हात जोडले, देवाची माफी मागितली आणि मग नवा पासवर्ड घातला. आणि लगेच तो गल्लीतल्या चौघींना सांगून आल्या. का, तर "इसरला तर कुणालातरी ठावं असावं की!" मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विभूती, पुन्हा माफी, पुन्हा नवा पासवर्ड.

अव्वाला हे शहाणपण कुठून आलं, असा तुझा चेहरा झाला असेल. सांगते. आमच्या वर्गात पूनम मॅडमनी प्रात्यक्षिक घेतलं होतं. प्रत्येकानं मनातला एक पासवर्ड कॉम्प्युटरवर टाकायचा आणि मॅडमच्या प्रोग्रॅमनं तो ओळखायचा. मी चष्मा पुसेपर्यंत माझा ओळखून झालासुद्धा. माझ्यामागोमाग अर्ध्या वर्गाचा. सगळ्यांनी एकाच देवाला कामाला लावलं होतं. त्या दिवशी मी पोरांबरोबर इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

होय, वर्ग म्हटलं. कॉलेजचा वर्ग. बी.एस्सी. सायबर सिक्युरिटी, दुसरं वर्ष. बारावी सायन्सचा माझा जुना दाखला चालला. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात आणि माझ्या डब्यातली शेंगाची पोळी मला न विचारता खातात. दुपारी फोन उचलत नाही म्हणजे अव्वा भजनाला गेली, असं तू धरून चाललास आणि मी तसंच चालू दिलं.

याला कारण तूच आहेस. तुझे अप्पा गेल्यावर तू रोज फोनवर बजावायचास, लिंक दाबू नकोस, ओटीपी सांगू नकोस. का रे, असं विचारलं की म्हणायचास, "तुला नाही कळायचं अव्वा, तू फक्त ऐक." तू काळजीनंच म्हणायचास, ते मला ठाऊक आहे. पण मला ते लागलं. म्हटलं, बघू तरी, काय कळत नाही ते.

आणि कळतंय रे! सगळं नाही, गणित अजून छळतं, पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, तो पुन्हा बसून काढला. पण पूनम मॅडम फळ्यावर काहीतरी मांडतात आणि ते एकदम डोक्यात शिरतं, तेव्हा मला जो आनंद होतो तो कुणाला सांगू, असं होतं. तुलाच सांगायचा होता.

तुझाही पासवर्ड मला अंदाजानं ठाऊक आहे. उघडून पाहिलेलं नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या दाराची कडी हलवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं. पण आजच बदल.

तर मी कायमची येत नाही, अमरेश. परीक्षा झाली की सुट्टीत येईन, गुरूला मनसोक्त खेळवीन आणि कॉलेज उघडलं की परत येईन. त्याला मांडीवर घ्यायला हात शिवशिवतात, हे लिहितानाही शिवशिवताहेत. तरीही. चांगलं पाळणाघर आत्तापासून बघा. अंकितानं काम सोडायचं नाही, हे तिला माझ्या नावानं सांग. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती आणि एकानंही थांब म्हटलं नव्हतं.

तुला इतके दिवस का सांगितलं नाही? तू हसशील म्हणून. पहिल्या वर्षी हसला असतास तर मी घरी बसले असते. आता हसलास तरी जाणारच आहे. फक्त मग थोडं रडून जाईन.

तुझी अव्वा,
राजेश्वरी