मशीन माझं गरम पाणी पिते

३ डिसें., बुध.
आई आजही आंघोळ न करता बसली. तिसरा दिवस. धुणं-भांडी करणारी शोभा म्हणाली, साडेनऊला बादली भरली, कोपर बुडवलं, "थंड हाय" म्हणाल्या अन् उठून गेल्या. त्याच गिझरच्या पाण्याने मी सहाला न्हाले तर चटके बसत होते. पावणेसातची कंपनीची बस गाठायची नसती तर अजून गार पाणी घालत बसले असते.
संध्याकाळी हिंगण्याच्या कंपनीतून आल्यावर विचारलं. "थंड होतं." बस, एवढंच. वय ऐंशी, हट्ट आठ वर्षांचा.
आजपासून नोंद ठेवणार. आं. ✗. रोजच लिहायचंय तर आंघोळ हा शब्द पूर्ण कशाला झिजवू.

४ डिसें., गुरु.
आं. ✗.
पुण्याहून दादाचा फोन. त्याने तिथलं एक केंद्र पाहून ठेवलंय, म्हाताऱ्या माणसांची चोवीस तास देखभाल. जानेवारीपासून जागा आहे. "तू दहा तास बाहेर असते. ती एकटी. आंघोळ सोडली म्हणजे पुढचं काय ते समजून घे." एकवीस तारखेला, रविवारी येतो म्हणाला. फॉर्मवर माझीही सही लागते.
दादा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

५ डिसें., शुक्र.
अर्धी सुट्टी. दुपारी तीनला वाडीहून मेश्राम मिस्त्री आले. साठीचा माणूस, बोलणं मोजकं, आधी पाइपवर तळहात ठेवतो आणि डोळे मिटतो. मला हसू आलं होतं. मग त्यांनी गिझरच्या खालची प्लेट उघडली, कॉइल बाहेर ओढली आणि माझं हसणं बंद झालं.
कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरा दगड चढला होता, फुलकोबीसारखा. टाकीतून अर्धी बादली खडे निघाले. "बोरचं पाणी," एवढंच म्हणाले.
आमच्या बोरचं पाणी ग्लासात घेतलं तर आरपार दिसतं. त्यात हा दगड होता? आम्ही रोज तो अंगावर ओतत होतो, पीत होतो? एक खडा मी चहाच्या बशीत ठेवलाय आणि संध्याकाळपासून तीनदा जाऊन पाहून आले. गिझर लावल्यापासून आठ वर्षं आमच्या डोक्यावर डोंगर वाढत होता आणि आवाजसुद्धा नाही.
नवी कॉइल बसवली. मिस्त्रींच्या समोर पाणी वाफाळत आलं. प्रश्न मिटला.

६ डिसें., शनि.
सहा डिसेंबर, कंपनीला सुट्टी. आई पांढरी साडी नेसून माझ्या आधी तयार. तिची आंघोळही झालेली! "पाणी कसं होतं?" "चांगलं होतं." विहारात तिने अख्खी वंदना म्हटली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. परत येताना मात्र चौकात थांबून मला विचारलं, आपलं घर कोणत्या अंगाला?
दोन्ही एकाच तासात. मला काही कळत नाही.
शोभाही विहारात होती, कामाला सुट्टी.

७ डिसें., रवि.
आं. ✓. पाणी गरम. गिझर सुधारला. दादाला मेसेज केला, अंगठा आला.

९ डिसें., मंगळ.
कालही ✗, आजही ✗.
आज मी ओरडले. नवी कॉइल, नवं सगळं, आता काय थंड? आई शांतपणे म्हणाली, "मशीन माझं गरम पाणी पिऊन राहिली वं."
"कोणती मशीन?"
"कपड्याची. तिले प्यास लागते."
वॉशिंग मशीनला तहान लागते. मी जसंच्या तसं दादाला सांगितलं, त्याने जसंच्या तसं आईच्या डॉक्टरांना. डॉक्टरांनी फोनवर ऐकून ते वाक्य फाईलमध्ये लिहिलं म्हणे.

११ डिसें., गुरु.
लॅबच्या मॅडमना विचारून कंपनीतला थर्मामीटर घरी आणलाय. सकाळी सहाला गिझरचं पाणी: ५४. काल: ५३. बावीस वर्षं डब्यांची वजनं तपासून पगार घेतलाय, काटा काय म्हणतो ते मला कळतं. पाणी गरम आहे. आईचं चुकतंय.

आं. ✗.

१४ डिसें., रवि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
आं. ✓, पाणी "चांगलं". मला राग आला. सोमवारी थंड, रविवारी चांगलं, हे कसं? तिला पटवायचंच म्हणून मी तीन बादल्या भरल्या. थर्मामीटर लावून ३८, ४० आणि ४१. कोणती कोणती ते फक्त मला माहीत. म्हटलं, आई, कमी-जास्त लाव. मला वाटलं, गडबडेल, मग मी प्रेमाने समजावेन.
तिने पदर खोचला आणि उजवं कोपर एकेका बादलीत बुडवलं. अगदी क्षणभर. पहिली, तिसरी, मधली, असा क्रम लावला. बरोबर! मी बादल्या फिरवल्या. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा ती दोन बादल्यांवर थांबली. "हिच्यात न् तिच्यात आता फरक नाही राहिला. ही उतरून राहिली." मी चूक पकडायला थर्मामीटर घातला. दोन्हींत ३९. एक्केचाळीसची, अर्धीच भरलेली, बोलता बोलता जास्त उतरली होती.

चौतीस वर्षं ती बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. रोज नवी जन्मलेली लेकरं न्हाऊ घातली. लहानपणापासून ऐकत आले, पण ते म्हणजे नेमकं काय हे मला आजवर ठाऊक नव्हतं. म्हटलं, आई, एवढं कसं कळतं? म्हणाली, "लेकरू रडल्यावर समजून काय फायदा? त्याच्या आंधी कोपराले समजलं पाह्यजे."
रस्ता विसरते. मी जेवले का हे दोनदा विचारते. आणि त्याच शरीरात हे कोपर आहे, एका अंशानेही न चुकणारं.
मग कोपर खरं आणि सहाचा थर्मामीटरही खरा. म्हणजे सहा आणि साडेनऊ यांच्या मध्ये काहीतरी घडतं. मी कधी साडेनऊला घरी राहून पाहिलंच नाही.

१५ डिसें., सोम.
मिस्त्रींना फोन. विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, इकडे यायला दोन तास लागतात म्हणाले. मी सगळं सांगितलं, कोपरासकट. ते हसले नाहीत. "मॅडम, मी दुपारी आलो होतो. बिमारी सकाळी येते. बिमारी घरात असन तवाच बोलवा."
उद्या पूर्ण सुट्टी टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "गरम पाणी" सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

१६ डिसें., मंगळ.
मिस्त्री पावणेनऊला हजर. नऊला शोभा आली, मागच्या गॅलरीत कपडे मशीनला लावले. साडेनऊला आईची बादली. थर्मामीटर: ३३.
तेहतीस. मी आकड्याकडे पाहतच राहिले. आई दारात उभी. तिने "सांगितलं होतं ना" म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.
मिस्त्रींनी गिझरच्या पाइपवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग गिझरमध्ये पाणी जायचा कॉक पूर्ण बंद केला. म्हणाले, आता गरम नळ सोडा. सोडला. पाणी आलं! बंद गिझर, आणि गरम नळाला धो धो पाणी, गार. मी एकदा गिझरकडे, एकदा नळाकडे. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.
"दार बंद हाय न् माणूस बाहेर येऊन राहिला," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे दुसरं दार उघडं हाय."
मग पाइपवर हात फिरवत गॅलरीत, मशीनच्या मागे. तिथे दोन नॉबचा नळ, एक गार, एक गरम, दोन्हींचं तोंड एकच, त्याला मशीनचा पाइप. "गार उघडं, ते ठीक. हा गरमचा काहून उघडा हाय?"
शोभा म्हणाली, "मी तर एकच फिरवते, भाऊ. दुसऱ्याले हात नाही लावत."
मला तेव्हाच कळलं. तो नॉब मी उघडलेला.
मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की गार नळाला हात लावता येत नाही. तेव्हा गिझर बंद करून त्याच्यातलं पाणी वापरायचं, अख्ख्या घरात तेच थंड. कूलरही मी त्यानेच भरत होते, गॅलरीतून पाइप लावून, गरमचा नॉब सोडून. ऑक्टोबरात कूलर झाकला, पाइप मशीनला लावला, आणि नॉब तसाच. थंडी पडेपर्यंत टाकीचं पाणीच कोमट, म्हणून कळलं नाही. शोभाने गार उघडलं की दोन्ही पाणी एक. मशीन भरताना अर्धं गिझरमधून ओढते. भरून थांबली की गार पाणी उलट वाटेने आईच्या नळात. रविवारी आणि सहा तारखेला शोभा येत नाही, म्हणून तेव्हा पाणी चांगलं.
मशीन खरंच तिचं गरम पाणी पीत होती.
शोभा: "म्हणूनच कपडे कोमट निघत होते! मले वाटलं, मशीनच चांगली हाय."
नॉब बंद केला. अर्धा फेरा, बस. मिस्त्रींनी फक्त येण्या-जाण्याचे घेतले. जाताना आईला नमस्कार करून म्हणाले, "आजी, तुमीच पकडलं. मी तर निस्ता नॉब फिरवला."
आई म्हणाली, "चहा घेऊन जा गा."

१७ डिसें., बुध.
शोभाला साडेनऊला थर्मामीटर लावून फोन करायला सांगितलं होतं. ५२, मशीन चालू असताना. आं. ✓.
आईजवळ माफी मागितली. तिला कशाबद्दल ते आठवेना. मी पुन्हा सगळं सांगितलं, नॉब, कूलर, ओरडणं. ती मन लावून ऐकत होती, दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असावी तसं. शेवटी म्हणाली, "त्या म्हातारीचं कोणी ऐकलं नाही ना?"
स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१८ डिसें., गुरु.
दादाला फोन. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "नॉब?" "नॉब." "अन् ती बरोबर होती?" "एका अंशापर्यंत." त्यालाही लागलं ते, आवाजावरून कळलं. पण थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी ठीक झालं. ती ठीक झाली का? घराचा रस्ता विसरली ते नॉबमुळे नव्हतं." रविवारी येतोच आहे. फॉर्म आणतोय.
म्हटलं, डॉक्टरांच्या फाईलमधलं ते वाक्य खोडायला सांग. म्हणाला, "ते वाक्य खरं होतं हे त्याले कसं समजावू मी?"

१९ डिसें., शुक्र.
आं. ✓.
संध्याकाळी आई म्हणाली, दुपारी तीनला एक बाई येते, माझ्याजवळ बसते. हिरव्या काठाची साडी. बोलत नाही फार. चांगली हाय.
शोभा साडेअकराला जाते. शेजारच्या दोघींना विचारलं, त्या नाही. दाराला आतून कडी असते.
दहा दिवसांपूर्वी मी हे वाक्य उचलून दादाला दिलं असतं. आज नाही दिलं.

२० डिसें., शनि.
अर्धी सुट्टी. या महिन्यातली तिसरी, साहेब आता काही विचारतही नाहीत. उद्या सकाळी दादाची गाडी.
जेवून आईच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आहे, वही मांडीवर. आई पलंगावर, केस विंचरलेले, दाराकडे पाहतेय. मी काही सिद्ध करायला बसलेली नाही. साडेनऊला घरी नव्हते, तसं तीनलाही नव्हते, एवढंच. बाई येईल असं मला वाटत नाही. पण मशीनला तहान लागते हेही मला वाटत नव्हतं.
कोणी नाही आलं, तर उद्या सही करायची का? आणि कोणी आलं, तर?
चहा ठेवायला उठले तर आई म्हणाली, "तिच्यासाठीबी ठेव."
तीन कप ठेवला. तीनला सात मिनिटं कमी आहेत. दाराची कडी मी काढून ठेवली.