नवं कार्ड, माझी सही

तेर, मंगळवार, रात्र

आज जुन्या क्रेडिट कार्डाची सगळी बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवली. अम्मीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनाला ते कार्ड वापरलं होतं, तेव्हापासून नुसतं व्याजच भरत आले. नव्यावर सहा महिने व्याज न्हाय, सुरुवातीची फी तेवढी.

दुपारी शाळेत जुन्या बँकेचा फोन. "मॅडम, घरात कुणाला विचारलं का?" कार्ड देताना कुठं विचारलं होतं? पगार माझा, सही माझी.

जेवताना घरात सांगितलं, तर भाईजान पण तेच म्हणाले, "शबाना, घरात विचारायचं होतंस. मी भरले असते." भरले असते, अन् दर ईदेला ऐकवलं असतं.

"भाईजान, तुम्ही काळजी करू नका. मुदतीच्या आत फेडीन." एवढंच बोलले.

फेडता येईल का? शिकवण्या वाढवल्यात. येईल.

भाईजान उठून गेल्यावर अम्मीनं जुनं कार्ड मागितलं. डोळ्यांजवळ न नेता, लांबूनच नीट बघितलं. "ह्याचं काम झालं ना?" म्हणाली. मी व्हय म्हणाले. तिनं शिलाईची कात्री घेतली अन् स्वतःच्या हातानं त्याचे तुकडे केले.