खालचे टेकू

आप्पा,

गेल्या महिन्यात हुबळीला आम्हा इंजिनियरांची परिषद झाली. तिथं मी इमारत बांधायच्या आधी ती संगणकावर उभी करायला शिकले. नुसतं चित्र नव्हे. प्रत्येक खांबाला, पाइपाला, ओला स्लॅब पेलायला तुम्ही सेंट्रिंगला लावायचात त्या टेकूलासुद्धा तारीख असते. कुठला कधी लागणार, कधी निघणार, ते दिवसामागून दिवस पडद्यावर सरकत जातं. स्लॅब कच्चा असताना टेकू काढला की तेवढा भाग लाल होतो. शिकवणाऱ्या सरांनी सरावासाठी दोन मजली लॉज दिला होता. मी मुद्दाम खालचे टेकू लवकर काढले. पडदा लाल झाला आणि मी मनानं थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसले.

तुम्ही गणेशगुडीच्या कामावरून आलाय, हातपाय धुऊन भाकरी खाताय. मी दहावीचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेय. लॉजच्या मालकाला घाई आहे, उद्याच टेकू काढायला सांगितलेत, असं तुम्ही आईला सांगताय. आई म्हणते, "न्हाई म्हणा की."

ताटातून वर न बघता तुम्ही म्हणता, "मी न्हाई म्हटलं तर दुसऱ्याला लावतील. त्याला तरी कशाला खाली घालू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला स्लॅबखालून काढलं.

मी सरांना विचारलं, खाली माणूस असेल तर हे दाखवतं का? ते म्हणाले, "माणूस आपण घालायचा असतो, मॅडम." मी त्या लॉजमध्ये एक माणूस उभा केला.

सध्या जोयड्याकडे एका दवाखान्याचं काम माझ्याकडे आहे. उद्घाटन लवकर उरकायचं म्हणून कंत्राटदार टेकू काढायला निघाला. मी लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला. लाल झालेला भाग दाखवला, त्याखाली उभा केलेला माणूसही. कोण हा, असं त्यानं विचारलं.

"सेंट्रिंगवाला," मी म्हटलं.

वरून दबाव आहे म्हणून तो बराच वेळ कुरकुरत राहिला. टेकू काढायच्या परवानगीवर मी सही केली नाही. उद्घाटन पुढं गेलं, टेकू जागेवर राहिले.

हुबळीहून परतले तेव्हा आईनं विचारलं होतं, काय शिकवलं गं तिथं? जेवण चांगलं होतं, एवढंच मी सांगितलं. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, आप्पा. तिला मात्र अजून सांगता आलेलं नाही.