एका साच्यातल्या घंटा

॥ श्री ॥
जुना मोंढा, छत्रपती संभाजीनगर
३ मार्च २०२४

ती. अजिनाथदादास,
शालूचा शि. सा. न. वि. वि.

तिकडं जायकवाडीच्या फुगवट्यावर फोन लागत नाही, म्हणून गंगापूरच्या जीपवाल्याजवळ हे पत्र देते. यंदाच्या दुष्काळात आबांनी मेंढरं घेऊन देवगाव सोडलं, तेव्हापासून तुमची खुशाली नाही. पाणी हटलेल्या जागी गवत आहे म्हणतात, ते खरं का?

इथं शहर चारी अंगांनी वाढतंय आणि आमचं दुकान आक्रसतंय. जनावरांच्या गळ्यातल्या घंटा आता मोबाइलवर घरपोच मिळतात. नवाबचाचा कानस हातात धरून दारावरून जाणाऱ्या डिलिव्हरीच्या गाड्या बघत बसतात. त्यांचा मुलगा वासिफभाई म्हणतो, ईदनंतर दुकान मोबाइल कव्हरवाल्याला भाड्यानं देऊ. चाचा हो म्हणालेत.

दादा, मला फार वाईट वाटलं. मेंढरांमागं वाढलेल्या पोरीला कान असतो, म्हणून चाचांनी मला ठेवून घेतलं, घंटेचा आवाज बांधायला शिकवलं. दुकान बंद झालं की आबा मला घरी बोलावणार आणि हे काम कायमचं सुटणार. ते मला नको आहे.

शेळ्यांना देऊन माया उरली तर थोडी इकडं पाठव.
तुझी,
शालू


फुगवटा, ता. गंगापूर
१७ मार्च २०२४

चि. शालूस,
अजिनाथचे अ. उ. आ.

पत्र पावलं. आबा, आई बरे आहेत. गवत आहे, आणि सात कळप त्यावर तुटून पडलेत.

आता हसू नको. मागं आपल्या म्होरक्या शेळीची घंटा फुटली. शहरात यायचा कंटाळा, म्हणून जीपवाल्या हनुमाननं गंगापुरातून मोबाइलवरून मागवून दिली. काय चकचकीत! मी ती मिरवली, आणि शेजारच्या कळपांचे कडुबा, कचरू, सगळ्यांनी तसलीच मागवून जुन्या घंटा मोडीत घातल्या. बहीण घंटांच्या दुकानात आणि भाऊ मोबाइलवर घंटा घेतो, हे आई रोज ऐकवते.

त्या सगळ्या एकाच साच्यातल्या निघाल्या. मेंढरं चालतात म्होरकीच्या आवाजावर. पाण्यावर कळप एकत्र आले की साती घंटा सारख्याच वाजतात आणि कुणाचंही मेंढरू कुणाच्याही मागं निघतं. घंटा काढून पाहिल्या, तर मेंढरं जागची हलेनात. आपल्या मेंढ्या कडुबाकडं, त्यांची कोकरं इथं उपाशी ओरडतात. दोन दगावली. काल कडुबानं माझ्यावर काठी उगारली, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

चाचा प्रत्येकाला वेगळा आवाज बांधून देतील का, विचार. आबा म्हणाले, कोणत्या तोंडानं विचारणार? मी म्हणालो, शालूच्या.

तुझ्या शिव्या खायला तयार असलेला,
दादा


जुना मोंढा
२ एप्रिल २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या राखून ठेवल्यात. सगळे इकडं आले असताना साती कळपांची राखण एकट्यानं केलीस, तेवढी शिक्षा बास.

चाचा म्हणाले होते, साती घंटा एकमेकींशेजारी ऐकल्याशिवाय काम व्हायचं नाही. म्हणून आबा सगळ्यांना घेऊन आले. दुकानाची रीत तुला ठाऊक आहे: गिऱ्हाइकानं पाठ करून उभं राहायचं आणि आपला आवाज ओळखायचा. भर बाजारात सात फेटेवाले भिंतीकडं तोंड करून उभे! रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. चाचांचा रोजा, म्हणून बिल्किसचाचींनी कितीही आग्रह केला तरी कुणी चहाला शिवलं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खजूर खाल्ले.

शेवटी आबांची आणि कडुबाकाकांची घंटा उरली. चाचांना त्या वेगळ्या वाटल्या. मी लांब गल्लीच्या टोकाला जाऊन वाजवल्या, तर आबा दोनदा फसले. मग चाचांनी कानस माझ्याच हातात दिली. मी काठ घासला, आतला लोळा बदलला, पुन्हा लांब गेले. आबांनी वळून न पाहता हात वर केला, हीच म्हणाले. ती पोरीनं बांधली, असं चाचांनी सांगितल्यावर आबा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत राहिले.

आणि ऐक! वासिफभाईनं कव्हरवाल्याला दुसरी जागा बघायला सांगितली. बातमी करमाडपर्यंत गेली आहे. मेंढके आता वासिफभाईला फोन लावून शेजारच्या कळपाची घंटा ऐकवतात आणि त्याहून निराळी मागतात. चाचा कानाला मोबाइल लावून कानस चालवतात. दुकान राहिलं, दादा! मी इतकी खूश आहे की रस्त्यानं जाताना हसते.

मोबाइलवर काही मागवण्याआधी बहिणीची आठवण ठेवणे.
शालू


फुगवटा
१४ एप्रिल २०२४

चि. शालूस,
अ. उ. आ.

पहिल्या दिवशी साती कळप पाण्यावर मुद्दाम एकत्र सोडले. काठावर कुणी शीळ घातली नाही, कुणी हाक मारली नाही. आधी कचरूची शेळी निघाली, तिच्यामागं त्याचीच मेंढरं. मग कडुबाची. गर्दीतून एकेक कळप सुटत गेला आणि एक कोकरू चुकलं नाही. कडुबानं मला उचलून पाण्यात टाकलं, तो त्याचा आनंद.

आबा भेटेल त्याला सांगतात, आवाज माझ्या पोरीचा आहे. घरी कधी येतेस, हे ते आता विचारणार नाहीत. तिथंच राहा, मोठी हो, असा त्यांचा निरोप आहे.

रोज दिवस मावळताना मेंढरं वळतात. लांबून घंटा ऐकू आली की आई भाकरी थापता थापता मान वर करते आणि म्हणते, शालू आली.

लोभ तुझाच थोर, आमच्यावर असू दे.
दादा