कमरेपर्यंत आलेली माळ

४ जानेवारी १९८६, शनिवार

डोळे पिवळे! पुंजाराम सरांनी सराव मध्येच थांबवला, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "लेका, हळद लागली का तुला? नवरी कोण?" सगळी पोरं खिदळली. मी ग्लोव्हज भिंतीवर फेकले.

कावीळ आहे म्हणे. आणि दोन आठवड्यांवर विभागीय स्पर्धा! जिंकलो तर खेळाडूंच्या जागेवर पोलिसात भरती. त्या भरवशावर तर कॉलेज सोडलं. (खरं म्हणजे प्राध्यापकाशी भांडून सोडलं. पण वहीशी कशाला वाद?) नोकरीशिवाय चतुराच्या घरी मागणी घालायची कोणत्या तोंडानं? "मुलगा ठोसे बरे मारतो"?

५ जानेवारी, रविवार

म्हाळसाबाई दर रविवारी काविळीची माळ बांधतात. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत रांग लागते, थेट लासूर स्टेशनहून माणसं येतात. बाई कुणाकडून काही घेत नाहीत. आणि म्हाळसाबाई कोण? चतुराची आई! वर्षभर ज्या दारासमोरून सायकल हळू चालवली, त्याच घरात आज पाटावर बसलो. कावीळबाई, तुझे उपकार!

बोटभर काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या. आधी डोक्यावर ठेवतात. माळ दिवसेंदिवस वाढते, गळ्यात उतरते, कमरेशी आली की कावीळ गेली. "आपसूक गळंस्तोवर काढायची नाय," म्हाळसामावशी म्हणाल्या. चतुरा दोरा धरून उभी होती. म्हणते, "मुकुट शोभतो बॉक्सरला. आता राज्य तेवढं बघा."

याचं फक्कड उत्तर मला सुचलं. घरी आल्यावर.

८ जानेवारी

माळ गळ्यात आली! फुटाणे, उसाचा रस, बिनतेलाची भाजी. तोंडाला चव नाही.

११ जानेवारी

माळ छातीवर. दाखवायला गेलो. (दाखवायची गरज नव्हती.) मावशी बाहेर गेलेल्या. चतुरा आज पहिल्यांदा एकट्यात बोलली! आणि विचारलं काय – "लघवी पिवळीच होते का अजून?"

इतके दिवस वाट बघितली ती या वाक्याची!

"झकास होते," म्हणालो. ती हसली नाही. म्हणे, "एकदा दवाखान्यात रक्त दाखवा." माझा भडका उडाला. "तुझ्या आईच्या माळेवर तुझाच भरवसा नाही?" ती आत निघून गेली. मी भांडतो तेव्हा समोरच्यानं भांडावं. असं आत जाऊ नये.

१७ जानेवारी

माळ कमरेच्या खाली! दोरीवरच्या उड्या दुप्पट केल्या होत्या, त्यानंच लवकर उतरली असणार. वजन माळेसकट सत्तावन्न किलो, म्हणजे एक वजनगट खाली. सर खूश – "आजारानं तुझ्यावर मेहनत घेतली, तू नाही." स्पर्धेचे डॉक्टर इकडचेच. डोळ्यांत बॅटरी मारली, जरा थबकले. मी शर्ट वर करून माळ दाखवली. "कमरेला आली? मग गेली," म्हणाले आणि सही केली.

दुपारी पहिली लढत झाली. जिंकलो.

१८ जानेवारी

सेमीफायनल जिंकलो! पंच म्हणाला, गळ्यातलं काढ. मी म्हणालो, जीव गेला तरी नाही. शेवटी चड्डीत खोचली. दुसऱ्या राउंडला उजव्या बरगडीखाली एक ठोसा बसला – साधाच होता – आणि डोळ्यांपुढं सगळं काळं. दोर धरून उभा राहिलो. सरांना सांगितलं नाही. वहीला सांगतोय.

उद्या फायनल.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी बाहेर पडतो तर दारात चतुरा! मला वाटलं, शुभेच्छा. तिनं खांद्यावरची शाल बाजूला केली. गळ्यात माळ, कमरेपर्यंत आलेली.

"तुमच्याच दिवशी बांधली, आईला न सांगता. मला कुठं कावीळ झाली होती?"

मी माझी माळ चाचपली.

"काड्या वाळत्यात, बारीक व्हत्यात. गाठी ढिल्या पडत्यात. माळ कुणाची बी उतरती. तुमची तर उड्यांनी लई लवकर उतरली. डोळे बघितले का आरशात?"

मी खूप बोललो. फायनलच्या दिवशीच सुचलं का? मला हरवायचंय का? भरती कोण देणार, तुझी आई? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ज्या माळेवर गल्ली माझ्या आईला मानती, ती खोटी म्हणायला आले मी. उगंच आले का?"

आत जाऊन आरशात डोळे बघितले. पिवळेच.

पुंजाराम सरांना सांगितलं, मनगट मुरगळलं, रिंगणात उतरत नाही. त्यांनी मनगट दाबून बघितलं. मी ओरडायला विसरलो. "भित्रा निघालास," म्हणाले. निघू दे. माळेचं नाव माझ्या तोंडून निघालं असतं तर पुढच्या रविवारी मावशींच्या दारात कोण उभं राहिलं असतं?

दवाखान्यात एकटाच गेलो. रक्त घेतलं. लिव्हरला बरीच सूज. डॉक्टर म्हणे, "या पोटावर कुणी ठोसा मारला असता तर?" मी छताकडं बघितलं. भरती करून घेतलं – पोलिसात नाही, वॉर्डात.

२० जानेवारी

सकाळी म्हाळसाबाई आल्या. चतुरानं घरी सगळं सांगितलं होतं. कॉटशेजारी बसल्या, माझ्या कमरेची माळ हातानं तोडली आणि पिशवीत टाकली. "आता आधी दवाखान्याचा कागद बघीन," एवढंच बोलल्या. नर्स फॉर्म घेऊन आली. "सोबत कोण? पेशंटशी नातं काय?"

मावशींनी माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"सासू लिवा."