अंदाजे समान कोन

१ सप्टेंबर
मेहुणी येऊन गेली. ही, म्हणजे बायको, गेल्यापासून ती दर महिन्याला येते. आज निघताना चपला घालता घालता म्हणाली, भाऊजी, लेकीचा गणिताचा पेपर पाहिलात का? पाहिला होता. म्हणजे सही केली होती. तिचं म्हणणं, मुलीला तिच्याकडे पाठवावं, तिथल्या शाळेत घालू. मी म्हणालो, पुढच्या चाचणीत पास झाली तर इथेच राहील. ती म्हणाली, आणि नाही झाली तर मी घेऊन जाईन. शब्द दिला. चाचणी एकाच धड्यावर आहे, समांतर रेषा आणि छेदिका. एक धडा म्हणजे काहीच नाही.

२ सप्टेंबर, सकाळी
प्लॅन: ऑफिसातून आल्यावर रोज एक तास. टीव्ही बंद.

२ सप्टेंबर, रात्री
आवक-जावकचं काम तुंबलं होतं. उद्यापासून नक्की.

५ सप्टेंबर
धडा स्वतः वाचला. सोपा आहे. एक रेषा दोन समांतर रेषांना तिरकी छेदून जाते, आठ कोन होतात. संगत कोन समान, व्युत्क्रम कोन समान, एका बाजूचे आतले दोन मिळून एकशे ऐंशी. अट एकच, रेषा समांतर हव्यात. ते तर गृहीतच.
लेकीला विचारलं, आई कशी शिकवायची? म्हणाली, शिकवायची नाही, समोर बसायची. मग मीही समोर बसलो. ती म्हणाली, बाबा, उजेड अडतोय.

८ सप्टेंबर, रविवार
नुसत्या थिअरीने मुलं कंटाळतात. प्रॅक्टिकल हवं. स्वयंपाकघरात दोन फळ्या लावून द्या म्हणून ही किती वर्षं मागे लागली होती. आज ठोकल्या. सुतार कशाला? लेव्हल नजरेने पाहिली. नजर माझी पहिल्यापासून चांगली. दोन्हींवरून पडद्याचा रॉड तिरका बांधला, ती छेदिका. हिला आवडलं असतं. फळ्या तरी.

९ सप्टेंबर
लेकीने कोनमापक लावला. वरचा कोन चौसष्ट, खालचा संगत कोन एकोणसाठ. म्हणाली, समान नाहीत. मी म्हणालो, कोनमापक स्वस्तातला आहे. जाऊन चांगला आणला. तोही एकोणसाठच दाखवतो.
वरच्या फळीवर ठेवलेली पेन्सिल घरंगळत जाऊन खाली पडली. तिने उचलून परत ठेवली, परत पडली. ती हसली असं वाटलं. पाठ होती माझ्याकडे, पण हसलीच असणार. शिकवणी योग्य मार्गावर आहे.

११ सप्टेंबर
तिला नीट समजावलं. पुस्तकातल्या रेषा कागदावर असतात, आपल्याला भिंत सांभाळायची असते. थोडं इकडेतिकडे व्हायचंच. अशा वेळी ‘अंदाजे समान’ म्हणावं. तिने विचारलं, परीक्षेतही? हो म्हणालो. शिकवणारा चाचरला की मुलांचा कॉन्फिडन्स जातो.

१६ सप्टेंबर
चाचणी झाली. पेपर सोपा होता म्हणाली. मेहुणीला फोन करून सांगितलं, लेकीसाठी खोली आवरायच्या भानगडीत पडू नका. ती म्हणाली, बघू.

२० सप्टेंबर
शाळेत बोलावलं होतं. बाईंनी पेपर समोर ठेवला. व्युत्क्रम कोन: अंदाजे समान. आंतरकोनांची बेरीज: एकशे ऐंशीच्या आसपास. कारण द्या: भिंत जुनी असल्यामुळे. नापास. बाईंनी विचारलं, हे हिला कोण शिकवतं? मी म्हणालो, क्लास लावलेला नाही.
घरी येताना लेक म्हणाली, मला माहीत होतं समान असतात. मग असं का लिहिलंस, विचारलं. म्हणाली, तुम्ही एवढ्या फळ्या ठोकल्यात.
यावर काही बोलायला हवं होतं. बस आली.

२२ सप्टेंबर
मेहुणी आली. मी म्हणालो, फेरपरीक्षा असते. ती म्हणाली, भाऊजी, शब्द तुमचाच होता. लेकीने बॅग स्वतःच भरली. जाऊ का असं तिने विचारलं असतं, तर नको म्हणणार होतो. तिने विचारलं नाही. दारात दोन्ही पट्ट्या खांद्यावर नीट बसल्यात का ते पाहिलं. बसल्या होत्या.

२६ सप्टेंबर
खचून चालणार नाही. पुढचा धडा त्रिकोणाचा. सगळा वाचून काढला. रविवारी तिकडे जायचं, दोन तास शिकवायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मेहुणीला फोन केला. म्हणाली, या, जेवायलाच या. फक्त शिकवू नका, परवाच तिचा मागचा धडा पक्का करून घेतलाय. मी बरं म्हणालो.
आता दोन तास लेकीशी काय बोलायचं, ते सुचत नाही.